नरसिम्लूचं चित्र

आमच्या घरी नानांशी बोलायचं तर त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसावं लागे. डावा कान त्यांनी फौजेत गमावला होता. जेवताना त्यांचं ताट ओळीच्या डाव्या टोकाला मांडलेलं असायचं, म्हणजे आई, मी आणि माझी धाकटी बहीण विजू आपोआप त्यांच्या ऐकत्या कानाकडे यायचो. रस्त्यानं जातानाही आम्ही तशाच चालायचो. आजही कुणाबरोबर चालायला लागले की मी नकळत त्याच्या उजव्या हाताला जाते. परवा तारनाक्यात भाजी घेऊन येताना एका मैत्रिणीनं विचारलं, की तू अशी मध्येच बाजू का बदलतेस? काय सांगणार तिला! सवय, म्हटलं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

नल्लकुंट्यातलं आमचं घर भाड्याचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे लांबट व्हरांडा. घरमालक वर राहायचे, त्यांच्याकडून सकाळी चटणी वाटल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ फोडणीतल्या कढीपत्त्याचा वास. खाली आमच्याकडे आईच्या हाताखाली भाकरी थापल्याचा आवाज चालू असायचा. आई उदगीरकडची. लग्न होऊन हैदराबादेत येऊन तिला सोळा-सतरा वर्षं झाली होती, तरी तिचं तेलुगू भाजीवाल्यापलीकडे गेलं नाही. नानांचं आणखीच वेगळं. सुलतान बाजारातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. तेलुगू अक्षरांचे ते गोल, त्यांच्या डोक्यावरचे तुरे ते असे काही काढायचे की तेलुगू मास्तरांनीही थांबून बघावं. पण बोलायला गेलं तर चार शब्द. सगळ्या शहराशी त्यांचं चालायचं ते हैदराबादी हिंदीत, ‘हौ’ आणि ‘नक्को’ करत. घरात तेलुगू येत होतं ते मला. शेजारपाजारच्या मुलींबरोबर अंगणात शिकलेलं, आणि पुढे शाळेतही तीच भाषा घेतलेली. नानांना कुणा तेलुगू गिऱ्हाइकाचं पत्र आलं की मी वाचून दाखवायची, सांगतील तसं उत्तर लिहायची. तेव्हा मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा.

सुलतान बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांची खोली होती. जिन्यात कोऱ्या कापडाचा वास, आणि वर चढत गेलं की त्यात टर्पेंटाइन मिसळायचं. अगरबत्तीच्या पुड्यांवरची चित्रं, तेलाच्या डब्यांची लेबलं, मिठाईचे खोके, कॅलेंडरं, सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर दाखवायच्या जाहिरातींच्या काचा, असं सगळं ते करायचे. दारावर पाटी होती, नावाखाली ‘कमर्शियल आर्टिस्ट’. खालून कुणी ‘ओ पेंटर साब’ म्हणून हाक मारली तर ते मान वर करत नसत. पुन्हा हाक मारली तरी नाही. मग तो माणूस जिना चढून वर येई आणि नावानं बोले, तेव्हा ते हसून त्याला बसवून घेत. लोकांना वाटे, ऐकू येत नाही. आम्हाला वाटे, आर्टिस्टला पेंटर म्हटलेलं त्यांना आवडत नाही, एवढा एक ताठा आहे माणसात.

बाकी ताठा म्हणून नव्हता. संध्याकाळी सात म्हणजे सातला ते घरी असत. बरकतपुऱ्यावरून चालत यायचे. आल्यावर हातपाय धुऊन आमच्या वेण्या घालायला बसायचे, कारण आईला तो वेळ स्वयंपाकाचा. त्यांनी पाडलेला भांग इतका सरळ असायचा की शाळेत बाई विचारायच्या, पट्टी लावून पाडता का गं? जूनमध्ये वह्यांना कव्हरं घातली की प्रत्येक वहीवर ते आमची नावं काढत, दर वर्षी वेगळ्या वळणाची. फौजेतल्या गोष्टी म्हणाल तर त्यांच्याकडे तीन-चारच होत्या, सगळ्या हसायच्या. लंगरच्या आचाऱ्यानं मिठाऐवजी सोडा घातला ती, आणि एका खेचराची. भरती झाल्यावर साहेबानं त्यांचा हात बघितला आणि गाड्यांवर नंबर घालायला, पाट्या रंगवायला लावलं, हे सांगायचे. पण लढाई लागली तेव्हा काय झालं, कान कसा गेला, हे कधी नाही. आईनंही विचारलं नव्हतं. ‘सांगायचं असतं तर सांगितलं असतं की,’ एवढंच ती म्हणायची.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. थंडी सरून ऊन तापायला लागलं होतं. एका सकाळी फाटकाशी एक म्हातारी आणि एक पंचविशीचा तरुण येऊन उभे राहिले. म्हातारीच्या हातात गाठोडं, पायांत काही नाही. तरुणानं खिशातून घडीच्या खुणांवर फाटलेलं एक पत्र काढून माझ्यापुढे धरलं आणि तेलुगूत विचारलं, हे लिहिणारे सार इथेच राहतात का? पत्र हिंदीत होतं. अक्षर नानांचं. ते मी कुठेही ओळखलं असतं.

तिचं नाव लच्छम्मा. जनगावच्या पुढे आत कुठेतरी तिचं गाव. तिचा थोरला मुलगा नरसिम्लू नानांच्या पलटणीत होता आणि लढाईत गेला होता. ते पत्र नानांनी तेव्हा तिला पाठवलं होतं. शाळामास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं होतं, एकदा नव्हे, पुष्कळदा, त्यामुळे तिला ते पाठ होतं. तुमच्या मुलाला गोळी लागली आणि तो जागीच गेला, त्याला काही त्रास झाला नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. आता सोबत आलेल्या धाकट्याचं, बालय्याचं, लग्न ठरलं होतं. थोरला लग्नाला हवा, असं तिचं म्हणणं. त्याचा एकुलता एक फोटो भिंतीच्या ओलीनं खाल्ला होता, नुसता टोपीचा काठ उरला होता. पत्र लिहिणारे सार चित्रं काढतात असं पलटणीतल्याच कुणीतरी गावाकडे सांगितलं होतं. म्हणून ती आली होती. सारांनी माझ्या मुलाचा चेहरा पाहिलाय, तो त्यांनी मला काढून द्यावा.

मी हे सगळं नानांना सांगितलं. ते न्हाणीघरातून नुकते आले होते, टॉवेल खांद्यावर होता. नरसिम्लूचं नाव ऐकल्यावर ते खुर्चीत बसले. त्यांनी त्या म्हातारीकडे पाहिलं नाही, गाठोड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘कुमू, त्यांना म्हणावं, राहा इथे. आठ दिवस लागतील.’ बालय्या तिला ठेवून गावी गेला. लच्छम्मानं गाठोडं सोडलं, त्यातून नवी चिंच आणि वाळलेल्या मिरच्या काढून आईच्या ओटीत घातल्या आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली.

पहिल्या दिवशी आईला तिचं फार अवघड वाटलं. काय बोलायचं, काय वाढायचं? पण संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी ताटात पडली आणि म्हातारीचा चेहरा उजळला. ‘जोन्न रोट्टे,’ ती भाकरीला हात लावून म्हणाली, आणि भाजीला, ‘पुंटीकूर.’ आईनं ते शब्द दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर दोघी स्वयंपाकघरात शेजारी बसून मिरच्यांची देठं खुडत होत्या. आई मराठीत बोलत होती, ती तेलुगूत, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

नानांनी माडीवरची खोली बंद ठेवली. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. चित्राची घोडी घरी आणून व्हरांड्यात उभी केली आणि कामाला लागले. चित्र काढताना मला घरी राहावं लागे, कारण म्हातारी काय म्हणते ते दुसऱ्या कुणाला कळणार? शाळेत चिठ्ठी गेली. मी दोघांच्या मध्ये, नानांच्या उजव्या हाताला, पाटावर बसायची. पहिलं रेखाटन झालं आणि त्यांनी कागद तिच्याकडे वळवला, तेव्हा तिनं नुसती मान हलवली. ‘वीडु कादु.’ हा तो नव्हे. नानांनी जो काढला होता तो मिशी असलेला, खांदे रुंद झालेला जवान होता. ती ज्याला ओळखत होती तो अठराव्या वर्षी घरातून गेलेला पोरगा. भरती झाल्यावर तो दोनदाच घरी आला होता, आणि दोन्ही वेळा दाढीमिशी साफ करून. कान बाहेर आलेले होते, ती म्हणाली. डाव्या भुवईत खाच होती, लहानपणी बैलाचं शिंग लागलेलं. ती खाच नानांनाही आठवली, आणि दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले.

असं दोन-तीन दिवस चाललं. एखाद्या माणसाचं वर्णन एका भाषेतून दुसरीत न्यायचं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. हनुवटीला, जबड्याला, गालफडाला मला तेलुगू शब्दच येत नव्हते. मी आपल्या तोंडावर बोट ठेवून विचारायची. ती माझे गाल दोन्ही हातांत धरून सांगायची, इथे भरलेला होता, इथे नाही. मिशी काढली. खांदे उतरवले. तोंड मिटून हसायचा, ती म्हणाली, आणि नाना लगेच म्हणाले, ‘हो, पुढचा दात तुटलेला होता म्हणून.’ हळूहळू कागदावर कुणीतरी येत होतं. मला तो आवडायला लागला होता. डोळे मात्र जमत नव्हते. नाना ते काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. ज्या हातांनी आमच्या वेण्या घातल्या, ते हात कागदाशी जाऊन थांबायचे. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि काही न बोलता चप्पल घालून निघून गेले. आई मला म्हणाली, ‘त्यांना काही विचारू नकोस गं.’

सहाव्या दिवशी सकाळी आई विजूला शाळेत सोडून गिरणीत गेली होती. नाना कोऱ्या डोळ्यांच्या त्या चेहऱ्यासमोर बसले होते. लच्छम्मा त्यांच्याकडे बघत मला म्हणाली, सारांना विचार, त्यांनी माझ्या मुलाला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याचे डोळे कसे होते. मी विचारलं. साधाच प्रश्न होता, चित्रासाठी विचारलेला. नानांनी घोडीला हात टेकला. वर घरमालकीणबाईंचा वरवंटा चालला होता. तो थांबल्यावर नाना बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, मराठीत.

सूर्य वर आला होता, ते म्हणाले. टेलिफोनची तार तुटली होती ती जोडायला नरसिंग पुढे गेला होता. पलटणीत त्याला नरसिंग म्हणायचे. परत येताना गोळीबार सुरू झाला आणि तो एका बांधाआड पडला. आमच्या खंदकापासून चाळीस पावलांवर. पोटात लागली होती. जागीच गेला नाही. तो हाका मारत होता. पलटणीत मला सगळे पेंटर म्हणायचे, तोही तसंच म्हणायचा. ‘पेंटर, ओ पेंटर,’ अशा त्याच्या हाका यायला लागल्या. आदल्या दिवशी अशाच एका जखमीला आणायला दोघं गेले होते, ते परत आले नव्हते, म्हणून खंदकाबाहेर कुणी जायचं नाही असा हुकूम होता. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो हाका मारत होता. मध्ये थांबायचा, मला वाटायचं संपलं, मग पुन्हा यायची. शेवटी शेवटी त्यानं माझं नाव सोडून दिलं. मग नुसतं अव्वा, अव्वा.

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, ‘जायचा हुकूम नव्हता हे खरंय, कुमू. पण हुकमावर ढकलून मोकळं होता येत नाही. मी भ्यालो होतो. मी कान झाकून बसलो होतो. पत्रात मी खोटं लिहिलं. हे सगळं त्यांना सांग. काही गाळू नकोस.’

लच्छम्मा माझ्याकडे बघत होती. ‘चेप्पु, बिड्डा,’ ती म्हणाली. सांग, बाळ.

मी शब्द जुळवत होते असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. शब्द होते माझ्याकडे. पोट, गोळी, भीती, दुपार, एकही अवघड नव्हता. मी तिच्या पायांकडे बघितलं, भेगांत लाल माती बसलेल्या. आणि मी तेलुगूत म्हणाले, की सार म्हणतात, सकाळी काम करून परत येताना त्याला गोळी लागली. त्यानं तुझी आठवण काढली. अव्वा म्हणाला. मग झोपला.

एवढंच. ‘अव्वा’, म्हणजे आई, हा शब्द नानांना कळला. तो ऐकून म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलेलंही त्यांनी पाहिलं. ती उठली, दोन पावलं चालून त्यांच्यापाशी आली आणि तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. माझे वडील त्या हाताखाली वाकले आणि रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. ते समजत होते, की तिनं सगळं ऐकलं आहे आणि ऐकूनही हात ठेवला आहे. मी पाटावर बसून होते. त्या क्षणी बोलले असते तर तिचा हात उचलला गेला असता की नाही, मला माहीत नाही. मी बोलले नाही.

त्याच दिवशी डोळे जमले. तासाभरात. नानांनी कागद वळवला तेव्हा म्हातारी पुढे सरकली, आणि पदरानं तोंड झाकून म्हणाली, ‘वीडे.’ हाच तो. पुढचे दोन दिवस रंग भरण्यात गेले. आठव्या दिवशी बालय्या आला, चित्र जुन्या चादरीत गुंडाळलं, आणि तिला घेऊन गेला. लग्नाला सगळ्यांनी यायचं, असं नानांकडून कबूल करून घेऊन ती गेली.

ती गेल्यावर नाना मोकळे झाले, हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. त्यांनी आईला सगळं सांगितलं होतं. आई भाकरी थापता थापता मला म्हणाली, ‘काय धीराची बाई गं ती. पोटच्या पोराचं असं ऐकलं, आणि वर ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला.’ मी पिठाचा डबा झाकून ठेवायला उठले. नाना संध्याकाळी येताना गुणगुणत येऊ लागले. एकदा मी त्यांचा डबा घेऊन सुलतान बाजारात गेले होते, तेव्हा खालून कुणीतरी ‘पेंटर साब’ म्हणून हाक मारली, आणि त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून, ‘हौ, आया,’ म्हटलं. जी माफी त्यांना मिळाली होती असं त्यांना वाटत होतं, ती कुणी दिलेलीच नव्हती. ती मी बनवली होती, चार वाक्यांत. रोज सकाळी मी ठरवायची की आज सांगायचं. आणि त्यांचा चेहरा बघितला की राहून जायचं.

नाना पुढे पुष्कळ वर्षं जगले. आमची लग्नं केली, नातवंडांच्याही वह्यांवर नावं काढली. कॉम्प्युटरवर पाट्या व्हायला लागल्या तेव्हा त्यांनी माडीवरची खोली सोडली, पण कुरकुर केली नाही. नव्या पाट्यांसमोर उभे राहून अक्षरांमधलं अंतर कुठे चुकलंय ते आम्हाला दाखवायचे. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या वेण्याही त्यांनीच घातल्या. ते गेले तेव्हा मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. शेवटच्या महिन्यांत दोन-तीनदा मनात आलं की आता तरी सांगावं, निदान माझ्यासाठी. सांगितलं नाही. माझी नात मराठी बोलते, पण वाचायचं म्हटलं की अडखळते, त्यामुळे हे मला तिला वाचून दाखवावं लागेल. ती विचारेल, आजी, तू बरोबर केलंस का? मला अजून ठरवता आलेलं नाही. पण न सांगण्याला त्या लग्नापासून एक वेगळं कारण मिळालं होतं, ते आता लिहिते.

लच्छम्मा गेल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही चौघं बसनं लग्नाला गेलो. जनगावला उतरून पुढे बैलगाडी. दोन्हीकडे ताडाची झाडं. लच्छम्माच्या दारात मांडव होता, डप्पू, म्हणजे तिकडचे डफ, वाजत होते, इतके की छातीत घुमायचे. मांडवात नवऱ्यामुलाच्या शेजारी लाकडी खुर्चीवर नरसिम्लूचं चित्र ठेवलेलं होतं, खुर्चीच्या हातावर नवं धोतर आणि पागोटं. येणारा प्रत्येक माणूस आधी त्या खुर्चीपाशी जायचा. दोन म्हाताऱ्या त्याच्याशी बोलत उभ्या होत्या. नानांना लोकांनी चित्राशेजारीच बसवलं, आणि ते तिथे पाठ ताठ करून बसले, फौजेत बसत असतील तसे.

अक्षता पडल्यावर लच्छम्मानं माझा हात धरून मला घरामागे नेलं. तिथे चुलीवर मोठाली पातेली होती, धूर होता. ती एका उलट्या उखळावर बसली, मला समोर बसवलं. म्हणाली, ‘बिड्डा, तुझा बाप त्या दिवशी खूप वेळ बोलला. तू एवढंसं सांगितलंस.’ रागानं नाही म्हणाली. ‘बोलताना त्याचा चेहरा मी बघत होते. अर्धं तिथेच कळलं. आता राहिलेलं सांग.’

मी रडायला लागले. ती थांबली. माझं रडणं संपेपर्यंत थांबली आणि मग पुन्हा म्हणाली, चेप्पु. आणि मी सांगितलं. ऊन वर आलेलं, तार, बांध, चाळीस पावलं, पोटात लागलेली गोळी. पेंटर म्हणून मारलेल्या हाका. हुकूम. मी भ्यालो होतो, असं नाना म्हणाले, हे सांगितलं. कान झाकून बसलो होतो, हेही. या वेळी काहीही गाळलं नाही. डप्पूंच्या आवाजात मला मोठ्यानं बोलावं लागत होतं, जवळजवळ ओरडावं लागत होतं, ते मला अजून आठवतं.

ती चुलीकडे बघत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, किती वेळ? मी म्हणाले, ऊन डोक्यावर येईपर्यंत. तिनं वर बघितलं. तेव्हाही ऊन डोक्यावरच आलं होतं. तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘मला आज सांगितलंस हे बापाला सांगू नको. त्याला वाटतंय मी तेव्हाच ऐकलं. तसंच वाटू दे.’

मांडवात पंगती बसल्या होत्या. नाना पळसाच्या पत्रावळीसमोर मांडी घालून बसले होते, आई आणि विजू त्यांच्या उजव्या हाताला. मी मागे उभी होते. लच्छम्मा पंगतीपर्यंत गेली आणि नानांच्या समोर थांबली. क्षणभर मला वाटलं, ती आता परत फिरेल. तिनं वाढप्याच्या हातातली बादली आणि पळी घेतली, खाली बसली, आणि त्यांच्या भातावर रस्सा वाढला. नाना म्हणाले, बस, अव्वा, बस. तिनं आणखी एक पळी वाढली.